चार बोटं मोकळी

डोंग्यात काटकोन नसतो कुठंच.
बैलगाड्या केल्या, वखरं केली, दाराच्या चौकटी ठोकल्या,
तीस वर्षं ओळंब्याच्या शब्दाबाहेर गेलो नाही,
आणि खैरबोडीच्या सुखरू ढिवरानं
मोहाखाली डोंगा आणून टेकवला:
"याले बसाची पाटी लावून दे गा."

लेव्हलचा बुडबुडा इकडून तिकडं पळत राहिला,
नवीन मास्तराला पोरं दमवतात तसा.

पहिली पाटी सुखरूच्या मापानं लावली.
टांगा लांब त्याच्या. दीड वीत उंची.
बसला, वल्हं फिरवून पाहिलं, म्हणाला,
"खुर्चीच झाली ना!"
फुलवंता काठावर उभी होती. काही बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी शिंगाड्याच्या वेलात
डोंगा एका कुशीवर गेला, कुणी हाक मारल्यासारखा,
आणि दोन टोपली शिंगाडे
तलावानं परत ठेवून घेतले.

मग खाली आणली. अर्धी वीत.
डोंगा गुमान झाला,
पण सुखरूचे गुडघे हनुवटीला लागले,
आणि फुलवंतानं मला पाटीची खालची बाजू दाखवली,
वाकून, बोटानं ठोकून:
"हे बसतेत, दादा. मी टेकतो.
वेल उचलाचा तं गुडघे खाली लागते,
बूड पाटीवर, पावलं पाटीखाली.
सांगा, पावलं कुठं घालू?"

बळंच घालूनही दाखवली तिनं. गेली.
निघताना मात्र टाच अडकली,
कातडं सोललं थोडं.
"अन् हा पलटला तं
मी वर येईन. पाय येतीन का?"

हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
माझ्या चौकटीत फार तर
उंच माणसाचं कपाळ आपटतं.

पाऊल मापायचं होतं.
परक्या बाईचं पाऊल. मी पट्टी सुखरूच्या हातात दिली.
ती रेतीत गुडघ्यांवर बसली, तळवे आभाळाकडे,
टाचांच्या भेगांत तलावाचा काळा गाळ.
आकडा मी लांबून वाचला.
टाचेच्या वर तिनं स्वतःच हात आडवा धरला:
"अन् एवढं मोकळं."
चार बोटं. पेन्सिल कानावरच राहिली,
ते लिहायची गरज पडली नाही.

दोन्ही अंगांना बिजाच्या पट्ट्या बसवल्या,
पट्टीत दोन-दोन खाचा, बाभळीच्या खुंट्या.
वरची खाच सुखरूला, वारा नसेल तेव्हा.
खालची फुलवंताला.
पुढची कड एक बोट झुकती ठेवली,
रंध्यानं गोल केली, मांडीला धार लागू नये म्हणून.
मग मी स्वतः टेकून पाहिलं, पाण्यावर, बांधाजवळच.
गुडघ्यांखाली फळी, फळीखाली
काहीतरी मोठं, हळूहळू कूस बदलणारं.
पोहता येत नाही मला. कुणाला सांगितलं नव्हतं.
पाय काढून पाहिले. सुटले.
पुन्हा घातले, पुन्हा काढले.
सुखरू हसत होता. ती नाही.

मजुरीत अर्धे पैसे आणि पिशवीभर शिंगाडे.

घरी देवका चुलीशी बसलेली.
पाट माझाच, लग्नाच्या वर्षी केलेला,
कुणाच्या तरी पलंगातून उरलेल्या फळीचा,
उंची दीड इंच, कारण फळी तेवढीच होती.
एक पाय मुडपलेला, एक उभा,
भाकर उलटताना कमरेवर हात.
हे मी रोज पाहतो, म्हणजे
रोज जेवतो.

"किती उंच पायजे?"
"काय?"
"पाट. तुले बसाले."

वय विचारल्यासारखं पाहिलं तिनं.
मग भाकर निखाऱ्याला लावून
पिठाचा हात भुईवर आडवा ठेवला,
त्यावर दुसरा,
त्यावर पुन्हा पहिला,
आणि माझ्याकडे पाहत
अजून एक.